विश्लेषण : सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू शोधणारे बायेरिंक कोण होते?

मृगाचा पाऊस झाला की बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात, दुसरबीडच्या परिसरात सोयाबीन पेरणीची घाई सुरू होते. बियाण्याच्या पिशवीबरोबर कृषी सेवा केंद्रातून एक लहान पाकीटही घेतले जाते. त्यावर रायझोबियम असे लिहिलेले असते. गुळाच्या पाण्यात कालवून ते बियाण्याला चोळायचे, बियाणे सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे, ही बीजप्रक्रिया आता बहुतेक शेतकऱ्यांना माहीत आहे. त्या काळ्या भुकटीत औषध नसते, खतही नसते. तिच्यात जिवंत जिवाणू असतात.

हा जिवाणू झाडाच्या गाठीतून वेगळा काढून बाहेर वाढवण्याचे काम सर्वप्रथम केले ते नेदरलँड्सच्या मार्टिनस विलेम बायेरिंक यांनी, १८८८ मध्ये. विषाणू ही संकल्पना मांडणारे शास्त्रज्ञ म्हणून जग त्यांना जास्त ओळखते. शेतीच्या दृष्टीने मात्र त्यांचे गाठींवरचे काम मोठे आहे. गंमत अशी की हा जिवाणू स्वतः हवेतला नत्र बांधतो, याचा ठाम पुरावा त्यांना स्वतःला कधीच मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हे कळायला जनुकशास्त्राला आणखी ऐंशी-नव्वद वर्षे लागली.

दिवाळे निघालेल्या घरातला मुलगा

बायेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी ॲमस्टरडॅममध्ये झाला. वडील तंबाखूचा व्यापार करत. तो बुडाला आणि त्यांना रेल्वे कंपनीत कारकुनी पत्करावी लागली. शाळेचा खर्च झेपत नसल्याने वडिलांनी मुलाला बाराव्या वर्षापर्यंत घरीच शिकवले. पुढे डेल्फ्टच्या तंत्रशाळेत त्यांनी रसायनशास्त्र घेतले. तिथे याकोबस फान ट हॉफ हा त्यांचा मित्र होता. दोघे मिळून खोलीवरच रसायनांचे प्रयोग करत. याच फान ट हॉफ यांना १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले.

बायेरिंक यांचा ओढा मात्र झाडांकडे होता. पोटासाठी शिकवण्याची नोकरी करत त्यांनी १८७७ मध्ये लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय होता झाडांवर येणाऱ्या गाठी आणि फोड. आपल्याकडे करंजाच्या पानांवर बारीक कोळ्यांमुळे फोड येतात, तसलाच हा प्रकार. वाखेनिंगेनच्या कृषी शाळेत ते शिक्षक झाले, पण विद्यार्थ्यांचे आणि त्यांचे जमले नाही. रागीट, चटकन ओरडणारे मास्तर अशीच त्यांची ख्याती राहिली.

पानावरच्या फोडाने काय शिकवले?

कीटक अंडे घालतो आणि त्या जागी झाड फुगते, हे सगळ्यांनीच पाहिलेले असते. बायेरिंक यांचा प्रश्न होता : फुगणारा अवयव तर झाडाचा, मग त्याचा आकार ठरवतो कोण? विलो झाडावर अंडी घालणाऱ्या एका माशीसारख्या कीटकाचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. अंड्यातून अळी बाहेर आली नाही तरी गाठ वाढते, हे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की मादी अंड्याबरोबर एक द्रव सोडते आणि तो द्रव झाडाला वाढीचा हुकूम देतो. एका जीवाने सोडलेल्या रसायनामुळे दुसऱ्या जीवाच्या शरीरात नवा अवयव घडतो, ही कल्पना त्या काळी फार पुढची होती. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरची गाठ नेमकी अशीच घडते, हे पुढे कळायचे होते.

त्याच सुमारास गव्हाच्या जातींचे संकर करून त्यांनी आनुवंशिकतेचाही अभ्यास केला. त्याचा धागा पुढे येईलच.

वाटाणा आणि ओट यांचे कोडे

कडधान्य घेतले की पुढचे पीक चांगले येते, हे शेतकऱ्याला हजारो वर्षांपासून माहीत आहे. तुरीनंतर ज्वारी किंवा हरभऱ्यानंतर कपाशी ही फेरपालट काही पुस्तकातून आलेली नाही. त्यामागचे कारण मात्र कोणाला सापडत नव्हते.

जर्मनीत बर्नबर्गच्या संशोधन केंद्रात हर्मान हेलरीगेल आणि हर्मान विल्फार्थ यांनी भाजलेल्या, नत्र नसलेल्या वाळूत ओट आणि वाटाणा लावला. ओटचा हिशेब सरळ होता. जितका नत्र द्यावा तितकीच वाढ. वाटाणा मात्र लहरीपणाने वागला. काही कुंड्यांत तो उपाशी मेला, तर शेजारच्याच कुंडीत खत नसताना टवटवीत राहिला. जिवंत राहिलेल्या रोपांच्या मुळांवर गाठी होत्या. मग त्यांनी शेतातल्या मातीचे पाणी थोडेसे टाकून पाहिले, तेव्हा सगळे वाटाणे वाढले. तेच पाणी उकळून टाकले, तर काहीच झाले नाही. मातीत काहीतरी जिवंत आहे, ते गाठी बनवते आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देते, असे हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत मांडले.

ते जिवंत काय होते, हे मात्र त्यांना दाखवता आले नाही. रशियाचे मिखाईल वोरोनिन यांनी १८६६ मध्येच गाठीत जिवाणूंसारखे कण पाहिले होते. पण ते जिवाणू नसून झाडानेच साठवलेल्या प्रथिनांचे कण आहेत, असे म्हणणारेही अनेक होते.

यीस्टच्या कारखान्यात

बायेरिंक तेव्हा सरकारी किंवा विद्यापीठाच्या नोकरीत नव्हते. १८८५ मध्ये डेल्फ्टच्या यीस्ट आणि मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्याचे मालक फान मार्केन यांनी त्यांना जिवाणूतज्ज्ञ म्हणून बोलावले होते आणि स्वतंत्र प्रयोगशाळा दिली होती. कारखान्याच्या उत्पादनाला आपला पुरेसा उपयोग होत नाही, ही टोचणी त्यांना सतत असे. तरी फान मार्केन यांनी त्यांना हवे ते काम करू दिले. खासगी कारखान्याच्या पैशातून, कारखान्याशी काडीचा संबंध नसलेला हा शोध लागला, हेही नोंदवायला हवे.

त्या काळी जिवाणू वाढवायचे तर मांसाचा रस्सा आणि जिलेटिन वापरत. रोगांचे जिवाणू त्यावर उत्तम वाढतात. बायेरिंक यांनी वेगळा विचार केला. जो जीव झाडाच्या मुळात राहतो, त्याला झाडासारखेच जेवण द्यायला हवे. म्हणून त्यांनी शेंगवर्गीय झाडाच्या पाल्याचा काढा, थोडी साखर, ॲस्पॅराजिन आणि जिलेटिन असे पातळसे, गरीब माध्यम तयार केले. गाठीचा वरचा भाग निर्जंतुक करून आतला रस त्यावर पसरला. काही दिवसांनी माध्यमावर बारीक ठिपके उमटले. गाठीतला जीव पहिल्यांदाच झाडाबाहेर वाढला होता.

त्यांनी त्याला बॅसिलस रॅडिसिकोला असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, आल्बर्ट फ्रांक यांनी रायझोबियम हे नाव सुचवले आणि तेच टिकले. शुद्ध केलेला जिवाणू निर्जंतुक मातीतल्या रोपांना दिला की गाठी येतात, हेही बायेरिंक यांनी नंतर दाखवले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. वाटाण्याच्या गाठीतले जिवाणू फुगलेले, वाय अक्षरासारखे फाटे फुटलेले दिसत आणि असे जिवाणू माध्यमावर पुन्हा वाढत नसत. वंश वाढवण्याची ताकद ते गमावून बसले आहेत, असे बायेरिंक यांचे मत झाले. ते बरोबर होते. वाटाणा आणि हरभरा ज्या कुळशाखेत येतात, तिथे झाडाची शेकडो जनुके लहान लहान प्रथिने बनवून गाठीतल्या जिवाणूला फुगवतात आणि त्याचे विभाजन कायमचे थांबवतात, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. सोयाबीन असे करत नाही. त्याच्या गाठीतला जिवाणू सुटला तर मातीत पुन्हा संसार थाटू शकतो.

मग पुरावा कुठे अडला?

जिवाणू हाती आला होता. तो हवेतला नत्र बांधतो, हे दाखवणे आता सोपे वाटत होते. बायेरिंक यांनी शुद्ध जिवाणू वाढवले आणि माध्यमातला नत्र मोजला. वाढ दिसली ती इतकी किरकोळ, की तिच्यावर विसंबता येईना. जिवाणू वाढत होता, पण त्याचे मुख्य काम करत नव्हता.

प्रामाणिक प्रयोगकर्ता म्हणून त्यांनी जे दिसले नाही त्याचा दावा केला नाही. मूळ शोधकर्त्यालाच शंका राहिली, म्हणून हा प्रश्न रेंगाळला. १९०१ मध्ये त्यांनीच ॲझोटोबॅक्टर हा मातीत मोकळा राहून नत्र बांधणारा जिवाणू वेगळा केला. त्याच्याबाबत पुरावा मिळाला, रायझोबियमबाबत नाही. त्यामुळे कोडे अधिकच गडद झाले.

उत्तर असे होते : नत्र बांधणारे विकर ऑक्सिजन लागला की निकामी होते. प्रयोगशाळेतल्या उघड्या माध्यमात ऑक्सिजन भरपूर असतो. गाठीत झाड तो अगदी थोडा ठेवते. त्यासाठी झाड आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखे एक लाल प्रथिन बनवते. काम करणारी गाठ कापली की आत गुलाबी-लाल दिसते ती त्यामुळेच. १९७५ मध्ये काही प्रयोगशाळांनी ऑक्सिजन अत्यंत कमी ठेवला, तेव्हा काही रायझोबियम झाडाविनाही नत्र बांधू लागले. म्हणजे विकराची जनुके जिवाणूतच होती.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. अनेक रायझोबियममध्ये त्या विकराच्या गाभ्यासाठी लागणारा एक घटक, होमोसिट्रेट, बनवणारे जनुकच नसते. तो घटक झाड पुरवते. झाडातले ते जनुक २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. असा जिवाणू एकटा असताना अर्धीच कृती हाती असलेल्या आचाऱ्यासारखा असतो. उरलेली अर्धी झाडाकडे असते. बायेरिंक यांच्या काचपात्रात झाड नव्हते.

दोघांची जनुके बोलतात कशी?

नत्राची उणीव भासली की शेंगवर्गीय झाडाचे मूळ फ्लेवोनॉइड गटातली रसायने मातीत सोडते. जवळच्या रायझोबियममधला एक जनुकीय खटका ती ओळखतो आणि नॉड नावाची जनुके चालू होतात. या जनुकांमुळे जिवाणू साखरेच्या चार-पाच कड्यांची एक लहान साखळी बनवतो, तिच्या टोकाला तेलातल्या आम्लाची शेपटी असते. या रेणूची रचना १९९० मध्ये फ्रान्समध्ये उलगडली. तो मुळाच्या बारीक केसापर्यंत पोहोचला की केसाचे टोक वळते, जिवाणूला कवेत घेते आणि त्याला आत नेणारी एक नळी तयार होते. त्याच वेळी मुळाच्या आत पेशींचे विभाजन सुरू होऊन गाठ आकार घेते. विलोच्या गाठीबद्दल बायेरिंक यांनी जे मांडले होते, तेच इथे मित्राच्या बाबतीत घडते.

साखळीच्या कड्यांना वेगवेगळ्या जिवाणूंत वेगवेगळे गट चिकटलेले असतात. झाडाच्या पेशीवरचे ग्राहक ते तपासतात. कुलपाला किल्ली बसली तरच दार उघडते. हे ग्राहक बनवणारी झाडातली जनुके २००३ मध्ये सापडली. बुरशीसारख्या शत्रूला ओळखणारे झाडाचे ग्राहकही याच घराण्यातले आहेत. दार उघडायचे की लढायचे, हा निर्णय म्हणजे चुलत भावंडांमधला फरक.

किल्ली बदलता येते का, हे इंग्लंडच्या नॉर्विच येथील शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवले. वाटाण्याच्या जिवाणूतला प्लास्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा गोल तुकडा, दुसऱ्या पिकाच्या जिवाणूत गेला, तेव्हा तो जिवाणूही वाटाण्यावर गाठी करू लागला. यजमान कोण, हे त्या एका तुकड्यावर लिहिलेले होते. सोयाबीनच्या जिवाणूत मात्र ही जनुके मुख्य गुणसूत्रातच एका पट्ट्यात बसलेली आहेत.

दुसरबीडच्या शेतात याचा अर्थ काय?

मूग, उडीद, तूर, चवळी, भुईमूग ही आपल्याकडची जुनी पिके. त्यांना चालणारे चवळी गटाचे जिवाणू बहुतेक शेतांत आधीपासून असतात. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा. सोयाबीन हे विदर्भात गेल्या काही दशकांत पसरलेले पीक, त्याचा ब्रॅडीरायझोबियम आणखी वेगळा. म्हणून पाकिटावर पिकाचे नाव पाहणे ही औपचारिकता नाही. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चोळले, तर किल्ली कुलपात बसणार नाही.

पाकिटातला जिवाणू जिवंत असणेही तितकेच महत्त्वाचे. नियमानुसार भुकटीच्या पाकिटात प्रति ग्रॅम किमान पाच कोटी जिवंत पेशी हव्यात. पाकीट दुकानाबाहेर उन्हात टांगलेले असेल किंवा मुदत उलटलेली असेल, तर त्यातली भुकटी निव्वळ भुकटी उरते. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी.

युरियाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. मातीत नत्र भरपूर असेल तर झाड गाठींना परवानगी नाकारते. गाठी बनवायला आणि पोसायला झाडाला साखर खर्च करावी लागते, फुकट मिळत असेल तर तो खर्च कशाला करील? सोयाबीनच्या पानात एक जनुक असे आहे, की ते मुळांवर किती गाठी झाल्या याचा हिशेब ठेवून पुढच्या गाठी थांबवते. हे जनुक बिघडलेली सोयाबीनची रोपे १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार करण्यात आली. त्यांच्या मुळांवर नत्र असतानाही गाठीच गाठी आल्या आणि झाडे खुरटली. गाठी जास्त म्हणजे पीक जास्त, हा समज म्हणूनच चुकीचा. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी दोन-चार झाडे अलगद उपटून गाठी कापून पाहाव्यात. आत गुलाबी असेल तर जिवाणू कामावर आहे. पांढऱ्या किंवा हिरवट गाठी मोजण्यात अर्थ नाही.

बायेरिंक यांच्या शोधानंतर आठच वर्षांत, १८९६ मध्ये, जर्मनीत नोबे आणि हिल्टनर यांनी असे जिवाणू बाटलीत भरून विकण्याचे पेटंट घेतले. योगायोग असा, की ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी घराघरांत पोहोचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याच वर्षी टस्कगीला रुजू झाले आणि कपाशीने थकलेल्या जमिनीत चवळी, भुईमूग लावा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागले. भारतात या जिवाणूचा अभ्यास पुसा येथील संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला.

मेंडेल यांचा निबंध कोणाच्या कपाटात होता?

जनुकशास्त्राचा जन्म १९०० मध्ये झाला असे मानतात. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर केलेले, १८६६ मध्ये छापलेले आणि विस्मरणात गेलेले काम त्या वर्षी तीन शास्त्रज्ञांनी पुन्हा उजेडात आणले. त्यांपैकी एक होते ॲमस्टरडॅमचे ह्यूगो द व्रीस. त्यांना मेंडेल यांच्या निबंधाची प्रत बायेरिंक यांनी पाठवली होती, असे द व्रीस यांच्या शिष्याने पुढे नोंदवून ठेवले आहे. गव्हाच्या संकरांवर काम करताना बायेरिंक यांच्याकडे ती आलेली असावी. ज्या माणसाकडे वाटाण्याच्या आनुवंशिकतेचा निबंधही होता आणि वाटाण्याच्या गाठीतला जिवाणूही, त्याने या दोन गोष्टी कधी जोडल्या नाहीत. जोडणार तरी कशा? जनुक हा शब्दच १९०९ मध्ये आला.

डेल्फ्टचे कडक मास्तर

१८९५ मध्ये ते डेल्फ्टला प्राध्यापक झाले. तीनच वर्षांत, १८९८ मध्ये, त्यांनी तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगाचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. जिवाणू अडकले, पण रोग पुढे गेला. हा जिवाणू नाही, द्रवात विरघळल्यासारखा जिवंत संसर्ग आहे, असे त्यांनी म्हटले. विषाणूशास्त्राची सुरुवात इथून धरतात.

त्यांनी लग्न केले नाही. संशोधकाने संसारात पडू नये असे त्यांचे मत होते, असे सांगतात. दोन बहिणींसोबत ते राहत. त्यांपैकी हेन्रिएट चित्रकार होती. भावाच्या व्याख्यानांसाठी मोठमोठे रंगीत तक्ते तिनेच रंगवले. विद्यार्थी त्यांना घाबरत, सहकारी टाळत. माणसांशी कठोर असणारे बायेरिंक अदृश्य जीवांच्या आवडीनिवडी मात्र कमालीच्या बारकाईने जपत.

१९२१ मध्ये सत्तरीला पोहोचल्यावर नियमानुसार त्यांना प्रयोगशाळा सोडावी लागली. ते मनाविरुद्ध होते. बहिणींसह ते खोर्सेल या खेड्यात गेले आणि बागेतल्या झाडांची निरीक्षणे करत राहिले. १ जानेवारी १९३१ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. गाठीतला लाल रंग हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनाचा आहे, हे जपानमध्ये १९३९ साली समजले. त्याच वर्षी भारतातल्या भातखाचरांच्या मातीतून एक नवा जिवाणू वेगळा करण्यात आला. १९५० मध्ये त्याला बायेरिंक यांचे नाव देण्यात आले : बायेरिंकिया इंडिका. हा जिवाणू कोणत्याही झाडाच्या गाठीत न राहता, एकट्यानेच नत्र बांधतो.